नानांच्या मनगटावरचा शिंगाडा

हिंगणी, ता. सेलू, जि. वर्धा
रविवार, १७ सप्टेंबर २००६

…तर ते ‘मस्त आहेत’ खोटं होतं, सुश्रुतदादा. गुरुवारी तू फोनवर विचारलंस नाना कसे आहेत, मी म्हटलं मस्त, आणि तेवढ्यात रेंज गेली. (हिंगणीत रेंज फक्त शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ मिळते, आणि तिथं उभं राहून आजोबांबद्दल काही खरं बोललं की चहा उकळायच्या आत ते गावभर होतं.) नाना मस्त नाहीत. दोन्ही हातांची बोटं सुजली आहेत, सकाळी नऊ वाजेपर्यंत शर्टाची बटणं लागत नाहीत, आणि ते दवाखान्यात जायला तयार नाहीत. कुणामुळे, तर माझ्यामुळे. म्हणजे बरंचसं माझ्यामुळे आणि थोडंसं तुझ्यामुळे, म्हणून हे पत्र तुलाच.

हो, मायना राहिला. आई म्हणते, मायन्याशिवाय लिहिलं तर ते पत्र नाही, अर्ज. (तसा हा अर्जच आहे, पण ते शेवटी.) तर पुण्यात राहून हुशार झालेल्या माझ्या एकुलत्या एक आतेभावाला वेदश्रीचा वाकून नमस्कार. सध्या चिकनगुनियामुळे अर्धं गाव आपोआपच वाकून चालतं, त्यामुळे वाकून नमस्काराला इथं काही किंमत उरलेली नाही, पण माझा मुद्दाम केलेला आहे असं समज. सुमतीआत्याची टाच कशी आहे? तू जेवतोस का वेळेवर? आणि तुझ्या लॅबमधले उंदीर कसे आहेत? सगळ्या उंदरांची खुशाली कळव. त्यांच्यावर बरंच अवलंबून आहे.

तुला आठवत असेल, मे महिन्यात तू आलतास तेव्हा बोर धरणाच्या भिंतीवर बसून मला दोन पेपर दिले होतेस. एकात डीएनएच्या चार धाग्यांचा पिंजरा विणला होता, तीन कोपरे खाली, एक वर, केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढा. दुसऱ्यात असं होतं की डीएनएचे काही छोटे तुकडे शरीराच्या इम्यून सिस्टिमला जागं करतात आणि काही तुकडे तिला झोपवतात. मी तुला विचारलं, मग हे दोन्ही जोडून, शांत करणारा धागा त्या पिंजऱ्यातच विणून का नाही टाकत? आणि तू चणे खात खात म्हणालास, “लोक विचार करून राहिले, अजून नीट कोणी करून पाहिलेलं नाही.” दादा, एखाद्या मुलीला असं वाक्य सांगून आपण निघून जायचं नसतं. त्या दिवसापासून माझं डोकं जागेवर नाही. सेलूला कॉलेजात मायक्रोबायोलॉजीच्या सरांना विचारलं तर ते म्हणाले, आधी जंतूंचं ग्रॅम स्टेनिंग नीट कर.

मग जुलैत चिकनगुनिया आला. आधी बापूराव किराणावाले पडले, मग त्यांचं गिऱ्हाईक, मग नानांचे शेजारी तानबाजी. (तानबाजी म्हणजे जे सुतळीच्या बाजा, खाटा विणतात आणि पोळ्याला सगळ्यांचे बैल सजवून देतात ते. तू लहानपणी त्यांच्या सुतळीत अडकून रडला होतास.) पाठोपाठ नानांनाही ताप आला आणि चार दिवसांत उतरला, पण बोटं दुखायची राहिली. आम्हाला वाटलं, सगळ्यांचंच दुखतं, यांचंही दुखतं. तेवढ्यात पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दाराला लावलेल्या पळसाच्या फांद्या मारबतीच्या, म्हणजे इडापिडेच्या, नावानं गावाबाहेर नेऊन टाकतात ना, त्या वेळी यंदा लोक “रोगराई घेऊन जा गे मारबत” असं इतक्या मनापासून ओरडले की आधी लंगडत असलेले दोघं-तिघं जोशात पळाले आणि मग त्यांना उचलून आणावं लागलं.

त्याच दुपारी तान्हा पोळा. शाळेच्या पटांगणात लहान मुलं लाकडी बैल घेऊन येतात, सजावटीला बक्षीस असतं, आणि बापूराव हे समितीचे अध्यक्ष. ते मला आठवडाभर आधीच म्हणाले होते, यंदा रोगावर काहीतरी देखावा कर, तू इंग्लिश मीडियमची आहेस. (ह्या दोन गोष्टींचा संबंध काय हे मी विचारलं नाही. गावात मला बल्ब बदलायलाही याच कारणानं बोलावतात.) मी म्हटलं, संधी! आपला तो मोठा लाकडी बैल माळ्यावरून काढला. बैल म्हणजे शरीर. त्याच्या सांध्यांना कुंकू लावलं, ही सूज. आणि प्रत्येक सांध्यावर तो चार धाग्यांचा पिंजरा.

पिंजरा काही मला विणता येईना. बैलाच्या गोंड्यांचं रंगीत सूत घेतलं, चार रंग, प्रत्येक रंग एका बाजूनं फिरवायचा आणि प्रत्येक कडेवर दोन रंगांना पीळ पडायला पाहिजे, अगदी पेपरमध्ये आहे तसं. तीन दिवस नुसता गुंता. शेवटी तानबाजींकडे नेलं. त्यांनी सुजलेल्या बोटांनी तो कागद उलटा धरून दोन मिनिटं पाहिला आणि म्हणाले, “वेदूबाई, हा त शिंगाडा होय न वो! गाठ कुठी मारता याले?” मी म्हटलं, गाठच नाही, धागे एकमेकांना ओळखतात आणि चिकटून राहतात. त्यांना ते एकदम पटलं. बाजेलाही गाठी कमीच असतात, ते म्हणाले, सारा खेळ ताणाचा. मग खळीत भिजवून त्यांनी अर्ध्या तासात आठ शिंगाडे उभे केले. (माझा अजूनही असा विचार आहे की तुझ्या लॅबनं तानबाजींना एकदा बोलवावं.) तेव्हापासून त्याला कोणी पिंजरा म्हटलं नाही, नॅनोपार्टिकल तर नाहीच.

पटांगणात मी माईकवर बारा मिनिटं बोलले. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा शब्द मी घरून पाठ करून गेले होते आणि तरी दर वेळी मधेच अडखळले, म्हणून पुढे नुसतं ‘चौकीदार’ म्हटलं. सांगितलं की पेशीच्या आत एक कोठडी असते, तिथं चौकीदार बसतो आणि बाहेरून आलेला प्रत्येक धागा चाचपून पाहतो. आपल्या धाग्यांवर ठरावीक जागी बारीक टोप्या असतात, जंतूंचे धागे तिथं बोडके असतात. बोडकं डोकं हाताला लागलं की चौकीदार शिट्टी मारतो, आणि साऱ्या शरीरात धावपळ. कधीकधी चौकीदाराचं डोकं फिरतं आणि तो घरच्याच लोकांना बदडतो, तेव्हा सांधे सुजतात. तर काही धागे असे बनवता येतात की ते त्याच्या शिट्टीत जाऊन बसतात. सुटा धागा मात्र रस्त्यातच खाल्ला जातो, म्हणून त्याचा पिंजरा विणायचा. आणि शेवटी, दादा, मी स्पष्ट सांगितलं की ही सगळी अजून प्रयोगशाळेतली गोष्ट आहे, हे फक्त मॉडेल आहे, सुताचं आहे. देवाशपथ सांगितलं.

पण माझ्यानंतर बापूरावांनी माईक घेतला. “ऐका हो मंडळी! पोरगी इंग्रजीत शिकली, म्हून लंबं सांगून राह्यली. मतलब येवढाच का, शिंगाडा बांधा, सूज उतरवा! टाळ्या!”

टाळ्या पडल्या. दहा मिनिटांत बैलाच्या अंगावरचे आठही शिंगाडे गेले. पोळ्यात फिरलेल्या बैलाच्या अंगावरचं, त्यात विज्ञानाचं, म्हणजे दोन्हीकडून पक्कं. तानबाजींनी त्यातला एक स्वतःच्या टोंगळ्याला, म्हणजे गुडघ्याला, लाल दोऱ्यानं बांधला (स्वतः विणलेला!) आणि पाचव्या दिवशी ते काठी न घेता आमच्या दारात उभे. मी म्हटलं, तानबाजी, ते आपोआपच बरं होणार होतं. ते म्हणाले, “होतं न. पन काऊन झालं नवतं?” खरंच, तोवर का झालं नव्हतं? तुझ्याकडे उत्तर असेल तर लिही.

मग रांग लागली. मी ठरवलं, ठीक आहे, लोक येतातच आहेत तर आपण प्रयोग तरी नीट करू. सोळा जण घेतले. आठ जणांना खरा शिंगाडा, चार रंगांचा, बरोबर विणलेला. आठ जणांना चुकीचा, काळ्या-पांढऱ्या सुताचा, मधे नुसता फेविकॉल. कोणाला काय दिलं ते सांगायचं नाही. मला दाखवून द्यायचं होतं की दोन्हीत काही फरक पडत नाही, म्हणजे लोक आपोआप नाद सोडतील. आठ दिवसांनी पाहिलं तर खरंच फरक नव्हता, दोन्हीकडे सारखेच बरे झाले. फक्त एकच घोटाळा झाला. सगळ्यात जास्त बरं वाटलं अनुसयाबाईला, आणि तिच्याकडे होता फेविकॉलवाला. ती पिठाच्या गिरणीत उभी राहून सगळ्यांना सांगून राहिली होती, “मले त काळा-पांढराच पायजे, माय! रंगीतात दम नाई. तो नुस्ता देखाव्याचा होय.” आता सेलूहून माणसं येतात आणि काळा-पांढराच मागतात. माझा कंट्रोल ग्रुप जिंकला, दादा. असं तुमच्याकडे होतं का?

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण नानांनी मनगट पुढं केलं.

तुला नाना माहीत आहेत. छत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं, आणि खिशात कायम छोटी कात्री. वर्गात कोणाच्या गळ्यात, दंडात काळा दोरा दिसला की कच्चकन कापायचे आणि वर त्याच पोराकडून न्यूटनचा पहिला नियम म्हणवून घ्यायचे. तर ते नाना, मी ओसरीवर शिंगाडे मोजत बसले असताना, माझ्यासमोर हात धरून म्हणाले, “बांध.” मी म्हटलं, नाना, तुम्ही? ते म्हणाले, “दोरा असता तर कात्री आणली असती. हा प्रयोग आहे. बांध.” समोर तानबाजी, अनुसयाबाई, आणखी चार जण. मी बांधला. तिथंच सांगायला पाहिजे होतं की नाना, हे सूत आहे, आणि खरा डीएनएचा कणही अजून कोणत्याच माणसाला दिलेला नाही, तो तर पुरता बनलाही नाही. मी नाही सांगितलं. कारण त्याच्या आधी ते अनुसयाबाईला चौकीदाराची गोष्ट माझ्यापेक्षा चांगली समजावून सांगून राहिले होते आणि मधेमधे ‘आमच्या वेदूचा कण’ म्हणत होते. आजवर त्यांनी माझ्या कोणत्याच गोष्टीला ‘आमच्या वेदूचं’ म्हटलं नव्हतं. दहावीच्या मार्कांना ते म्हणाले होते, “बरे आहेत.”

मागच्या आठवड्यात बाबा त्यांना जबरदस्तीनं सेलूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली आणि म्हणाले, हे चिकनगुनियाचं वाटत नाही. दोन्ही हातांचे तेच सांधे, सकाळचा आखडलेपणा, सात आठवडे झाले. वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, महिन्याच्या आत दाखवा, एकदा बोटं वाकडी झाली की मग सरळ होत नाहीत. म्हणजे बघ, बहुतेक तोच डोकं फिरलेला चौकीदार, जो मी माईकवर लाकडी बैलाच्या अंगात दाखवत होते. आणि नाना काय म्हणाले? नाना म्हणाले, “सध्या वेदूचा कण चालू आहे. दोन औषधं एकाच वेळी घेतली तर कशानं बरं वाटलं ते कसं कळणार?”

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. कारण हे वाक्य नानांना मीच शिकवलं होतं.

मी एक युक्ती करून पाहिली. म्हटलं, नाना, कणाची मुदत संपली, आता सोडून टाका. त्यांनी शांतपणे सुताची नवी लडी माझ्यापुढं ठेवली. आई म्हणते, तूच निस्तर.

बाकी सगळे मजेत. बैल परत माळ्यावर. तुझी,
वेदश्री

ता. क. १. आता अर्ज. तुझ्या संस्थेचं नाव छापलेला कागद असतो ना, त्यावर नानांना इंग्रजीत एक पत्र पाठव. ‘सहभागी क्रमांक सतरा, आपल्यावरील प्रयोगाच्या पुढील टप्प्यासाठी रक्ततपासणी आणि हातांचे एक्सरे आवश्यक आहेत, ते वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यातूनच करून घ्यावेत आणि तिथले डॉक्टर सांगतील तो उपचार प्रयोगाचाच भाग समजावा.’ खाली तुझी सही, डिग्र्या सगळ्या लिही. प्रयोगासाठी म्हटलं की ते जातील, प्रयोगासाठी ते विहिरीतही उतरतील. खोटं आहे, मला माहीत आहे, पण बोटं वाकडी होण्यापेक्षा बरं. लवकर पाठव, दसऱ्यापर्यंतच वेळ आहे.

ता. क. २ (सोमवार, सकाळ). पाठवू नकोस. कागदाला हात लावू नकोस. झालं असं की मी पाकीट शोधत होते, नाना म्हणाले, आण, पत्ता मी लिहितो, तुझं अक्षर पोस्टमनला लागत नाही. त्यांनी पेन धरलं. ‘सु’ काढला. पुढं ‘श्रु’ला पेन बोटांतून निसटलं, त्यांनी उचललं, पुन्हा निसटलं, आणि तिसऱ्यांदा ते पेनाकडे नुसते पाहत बसले. छत्तीस वर्षं फळ्यावर पृथ्वी एका हातानं गोल काढणारा माणूस, दादा. मग मी सगळं सांगून टाकलं. हे सूत आहे, खरं काम अजून उंदरांवर आणि काचेच्या बशीत आहे, पिंजरा एका पेपरमध्ये आणि धागा दुसऱ्यात, ते जोडायचं मी फक्त स्वप्न पाहिलं, आणि बापूराव बोलले तेव्हा मी माईक हिसकावून घ्यायला पाहिजे होता. नानांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, “उंदीर किती होते?” मी म्हटलं, त्या दुसऱ्या पेपरात एका गटात आठ. “बरं वाटलं हे त्यांनी सांगितलं की तुम्हीच ठरवलं?” आणि उठून ट्रंकेतून शाळेची एक जुनी वही काढून माझ्या हातात दिली.

दादा, त्या वहीत पोळ्यानंतरच्या आठवड्यापासून रोजचं दुखणं दहापैकी मार्क देऊन लिहिलेलं आहे. एक दिवस शिंगाडा बांधून, एक दिवस सोडून. (सोडलेल्या दिवशी ते पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचे. मला वाटायचं म्हातारपणी थंडी वाजते.) शेवटी अक्षर गिचमिड झालं आहे, पण ५ सप्टेंबरच्या पानावर स्पष्ट वाचता येतं: ‘निष्कर्ष: कण निरुपयोगी. वेदूस कळू देऊ नये.’ मी म्हटलं, नाना, मग दवाखान्यात काऊन नाही गेलात? तर म्हणाले, “मास्तरच दवाखान्यात दिसला असता, तर गाव तुला काय म्हणालं असतं?” आणि मग खिडकीकडे बघत, एकदम हळू, “आणि भीतीही वाटते थोडी.” मी त्यांची बटणं लावून दिली. बुधवारी जायचं ठरलं.

ता. क. ३ (बुधवार, संध्याकाळ). जाऊन आलो. डॉक्टरीण तरुण होती, प्रत्येक सांधा वेगळा दाबून पाहिला, रक्त घेतलं, एक्सरे काढला, आणि म्हणाली, वेळेत आलात, अजून काही वाकडं झालेलं नाही, औषध मात्र खूप दिवस घ्यावं लागेल. मी अकरा प्रश्न विचारले, नानांनी बारावा विचारला, आणि बाहेरची रांग चिडली. दिलेल्या गोळ्यांत एक मलेरियाची आहे. सांध्यांना मलेरियाची गोळी! मी विचारलं कशी चालते, तर ती म्हणाली, पेशीतली ती कोठडीच बिघडवते असं म्हणतात, चौकीदाराला धागा नीट चाचपता येत नाही. ‘चौकीदार’ शब्द तिचा नाही, माझा आहे, पण तिनं मान डोलवली. म्हणजे ते काम, ओबडधोबड का होईना, एक जुनी गोळी आधीपासूनच करून राहिली होती. मला दोन मिनिटं वाईट वाटलं, आणि मग इतका आनंद झाला की पवनार येईपर्यंत मी बाबांना बोलूच दिलं नाही. यावर काही पेपर असतील तर पाठव, दोनच नको.

एकच गोष्ट मला सुटत नाही, म्हणून तुला विचारते. नानांच्या वहीतले आकडे मी बसमध्ये मांडून पाहिले. शिंगाडा असो की नसो, फरक शून्य, ते बरोबरच आहे. पण रविवारी आणि गुरुवारी दुखण्याचे मार्क दर वेळी दोन-तीननं कमी आहेत, एकही आठवडा चुकलेला नाही. एरवी मी सेलूला आईबाबांकडे असते आणि कॉलेज करते, रविवार-गुरुवारीच इथं मुक्कामाला येते, त्यामुळे बाकीचे दिवस नाना काय वेगळं खातात, किती वाजता उठतात, हे मला पाहता येत नाही. मी आले की आम्ही नुसते ओसरीवर बसतो आणि मी त्यांना चौकीदार, टोप्या, धागे हे सगळं परतपरत सांगत राहते, दुसरं काहीच करत नाही. मला खूश करायला मार्क कमी दिले म्हणावं, तर वही माझ्यापासून लपवलेली होती. मग या दोन दिवसांत नेमकं काय घडत असेल, दादा, तुला काय वाटतं?